गोठणीवरचा टाकळा जमिनीचं सत्त्व खातो की धरून ठेवतो?

मेटावरची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, हा इथलाच अनुभव.

सासर त्र्यंबकेश्वर तालुक्यात, अंजनेरीच्या डोंगराखाली. आठवडाभर मी सातपूरला नोकरी करते आणि शनिवारी संध्याकाळची एसटी धरून गावी जाते. घरी डांगी गुरं आहेत, ती सासरे सांभाळतात. पावसाळ्यात गुरं वरच्या सड्यावर चरतात आणि दुपारी उंबराखाली रवंथ करत बसतात. ती आमची गोठण. सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळेपासून जागा तीच.

या गोठणीभोवती टाकळा (आमच्यात कुणी तरोटा म्हणतात) असा माजलाय की आत शिरायला काठी लागते. पण सगळ्या सड्यावर नाही हं! उंबरापासून थोडं लांब गेलं की उघडा मुरूम, त्यावर विरळ कुसळी गवत आणि मधेमधे वीतभर टाकळा. तोच पाऊस, तेच ऊन, बियाणंही बहुधा तेच.

या खेपेला दोन्हीकडचं एकेक झाड मुळासकट उपटून ओट्यावर शेजारीशेजारी ठेवलं. गोठणीवरचं माझ्या कमरेला लागत होतं. पानं गर्द हिरवी, मऊ, आणि तो उग्र वास हाताला रात्रीपर्यंत. मूळ मात्र जाड आणि आखूड, फाटे मोजकेच. मुरमातलं झाड पाहून कीव यावी असं. खालची पानं पिवळी, शेंड्याची तेवढी हिरवी. पण मूळ बघितलं तर गोठणीवरच्या झाडापेक्षा लांब! मुरमाच्या भेगेत शिरून वाकडंतिकडं झालेलं आणि त्याला बारीक तंतूंचं जाळं.

दुसरी गंमत म्हणजे गाठी. आम्ही उडीद लावतो, त्याच्या मुळावरची गाठ फोडली की आत गुलाबी दिसतं. टाकळाही शेंगेचाच ना? मग दोन्ही मुळं धुऊन बघितली तरी एकही गाठ का नाही?

सासरे म्हणतात, "टाकळा जमिनीचं सत्त्व ओढतो, उपट आणि ओढ्यात फेक." मला हे पटत नाही. ओढून घेतलेलं सत्त्व झाडातच असणार ना? मग ओढ्यात फेकलं की तेही ओढ्याबरोबर गोदावरीला. पण त्यांच्यासमोर नुसतं "पटत नाही" म्हणून भागत नाही, कारण द्यावं लागतं.

तर हे झाड नक्की काय काय घेतं, घेतलेलं पानात, दांड्यात, मुळात कसं वाटतं, आणि कधी कापलं तर त्यातलं जास्तीत जास्त आपल्या खाचरात आणता येईल? आता श्रावण लागलाय, फुलं अजून यायचीत.

घोटीकर_मामा

सूनबाई, एवढा विचार करायचं काम नाही. गोठणीवर टाकळा वाढतो कारण त्याला कोणी तोंड लावत नाही. गवत उगवलं की गाय खाते, पुन्हा उगवलं की पुन्हा खाते, वर खुरांनी तुडवते. टाकळ्याचा वास आला की गाय नाक फिरवते. खत असो नसो, ज्याला कोणी खात नाही तोच राहणार.

कोवळा होता तेव्हा भाजी केलीत की नाही? आमच्याकडे मृगाच्या पावसानंतरचा पहिला टाकळा लसूण-मिरची घालून होतो. पण आई गोठणीवरचा कधी खुडायची नाही, बांधावरचाच आणायची.

आणि सासऱ्यांशी वाद नका घालू. कापा आणि उकिरड्यात टाका, झालं.

परीक्षानळी

मामांचं म्हणणं अर्ध्याहून जास्त बरोबर आहे, पण त्यानं कमरेएवढं आणि वीतभर यातला फरक कळत नाही. मुरमावरचा टाकळासुद्धा गाय खात नाहीच की.

मी बरीच वर्षं माती आणि वनस्पती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त होऊन इंदिरानगरला नातवंडं सांभाळतो. त्यामुळे वेळ आहे, सविस्तर लिहितो.

आधी गोठण. गाय दिवसभर सगळ्या सड्यावरून गवत गोळा करते आणि बसते एका जागी. म्हणजे दूरवरची अन्नद्रव्यं रोज तिथे आणून ओतली जातात. त्यातही वाटणी असते. पालाश (पोटॅशियम) बहुतेक सगळं मूत्रातून पडतं, स्फुरद (फॉस्फरस) जवळजवळ सगळं शेणातून, आणि नत्र (नायट्रोजन) दोन्हीकडून, पण मूत्रात सहसा जास्त. मूत्रातल्या युरियाचं जमिनीत आधी अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. टाकळ्याच्या मुळांना यातलं नायट्रेट फुकट मिळाल्यासारखंच, कारण ते पाण्यात विरघळून पाण्याबरोबर आपोआप मुळाशी येतं. स्फुरदाचं तसं नाही. त्र्यंबक-इगतपुरीच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून बसतात, ते जागचं हलत नाही. मुळालाच त्याच्याजवळ जावं लागतं.

म्हणून तुमच्या दोन झाडांची मुळं अशी. नत्र-स्फुरदाची टंचाई असली की झाड वरचा पसारा आवरतं आणि कमाई मुळांत घालतं. भरपूर असलं की मूळ वाढवण्यात अर्थ नाही, सगळा जोर पानांवर, कारण तेव्हा भांडण उन्हासाठी असतं. शेजाऱ्याच्या डोक्यावर पान काढलं की जिंकलं. कुसळी तिथे हरते ती यामुळेही.

गाठींचं सांगतो. शेंगवर्गातल्या सगळ्या झाडांना गाठी येतात हा समज आहे. टाकळा ज्या गटातला, त्या सेन्ना गटातल्या झाडांच्या मुळांवर रायझोबियमच्या, म्हणजे हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या, गाठी होत नाहीत. म्हणजे टाकळा हवेतलं नत्र धरत नाही, जे घेतो ते जमिनीतूनच. तुमचे सासरे "ओढतो" म्हणतात ते इथवर खरं आहे.

आता मुरमातल्या झाडाची पिवळी पानं. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही झाडाच्या आत फिरणारी द्रव्यं. कमी पडली की झाड म्हाताऱ्या पानातून काढून कोवळ्या शेंड्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. कॅल्शियम, बोरॉन, बऱ्याच अंशी लोह, ही एकदा जिथे बसली तिथेच. ती कमी पडली तर उलट शेंडा आधी बिघडतो. तुमच्या झाडाचा शेंडा हिरवा आणि बूड पिवळं, म्हणजे पहिला संशय नत्राच्या टंचाईवर.

कापायची वेळ यावरूनच ठरते. फुलापूर्वी नत्राचा मोठा वाटा पानात असतो. शेंग भरायला लागली की पानातलं नत्र आणि स्फुरद उठून दाण्याकडे चालायला लागतं, पानं पिवळी होऊन गळतात. स्फुरद दाण्यात साठतं. पालाशचा बराच भाग दांड्यात आणि पानात राहतो, पण ते कुठल्याही पक्क्या संयुगात अडकलेलं नसल्यानं सुकलेल्या झाडावर पाऊस पडला की धुऊन जातं. कॅल्शियम जुन्या पानात. दसऱ्यानंतर तुम्ही काड्या उचलून नेल्यात तर हाती लाकूड येईल, नत्र बियांबरोबर जमिनीवर सांडलेलं असेल, आणि त्या बिया म्हणजे पुढच्या वर्षीचा टाकळा.

तेव्हा कापा फुलाच्या तोंडावर. पोळ्याच्या आत आटोपलं तर उत्तम, गौरी-गणपतीत पिवळी फुलं दिसायला लागतात.

मेटावरची_सून

परीक्षानळी सर, "मोठा वाटा पानात" म्हणजे किती? मी क्वालिटीत काम करते, आकड्याशिवाय मला झोप येत नाही. आणि गोठणीवरचं दांडकं अंगठ्याएवढं जाड आहे, ते वजनाला पानांपेक्षा जास्त भरेल असं वाटतं.

परीक्षानळी

इथेच पुष्कळ जण फसतात. टक्का वेगळा आणि एकूण साठा वेगळा. पानात नत्राचा टक्का दांड्याच्या दुप्पट असू शकतो, पण दांड्याचं वजन पानाच्या दुप्पट झालं की दोघांत साठा सारखाच. म्हणून नुसता टक्का सांगणाऱ्याचं ऐकू नका, वजनानं गुणा.

तुमच्या टाकळ्याचे आकडे तुमचेच काढावे लागतील, दुसऱ्याचे उपयोगाचे नाहीत. पद्धत सोपी आहे. गोठणीवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन दोरीनं आखा. त्यातली सगळी झाडं मुळासकट काढा, मुळांची माती धुवा, पान, दांडा, मूळ, कळी-शेंग वेगवेगळं करा. प्रयोगशाळेत आम्ही ओव्हनला ६०-७० अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचो. मग दळून नत्र जेल्डाल पद्धतीनं. जेल्डाल हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ, त्यांची ही १८८३ ची पद्धत अजून चालते. पालाश फ्लेम फोटोमीटरवर. घरी यातलं वाळवणं आणि वजन तेवढं होईल, पण दांड्यात किती माल आणि पानात किती, एवढं त्यातूनही कळतं.

अंदाजापुरता एक ढोबळ हिशेब देतो. वनस्पतींना पुरेसं पोषण मिळत असेल तर वाळलेल्या मालात साधारण दीड टक्का नत्र, एक टक्का पालाश, ०.२ टक्के स्फुरद असतं, असं वनस्पतिशास्त्रात धरतात. कोवळ्या पानात नत्र याहून बरंच जास्त सापडतं. हिरव्या झाडात पाणी ८० टक्के धरलं, तर ५०० किलो हिरवा टाकळा म्हणजे १०० किलो वाळलेला, त्यात दीड किलो नत्र, एक किलो पालाश, २०० ग्रॅम स्फुरद. दीड किलो नत्र म्हणजे सव्वातीन किलो युरिया. फार मोठा खजिना नाही, पण ओढ्यात फेकण्याइतका क्षुल्लकही नाही.

खरा फायदा वेगळाच आहे. तुमच्याकडे पाऊस कसा कोसळतो ते माहीत आहे. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर जातो, त्र्यंबकला त्याहून कमी, पण नाशिक शहराच्या कितीतरी पट. अशा पावसात गोठणीवरचं नायट्रेट मुळाखाली निसटायला वेळ लागत नाही. मातीच्या कणांवर ऋणभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणभार, त्यामुळे माती त्याला धरत नाही. टाकळा आषाढ-श्रावणात तेच नत्र उचलून पानात कोंडून ठेवतो. सासऱ्यांना हे सांगा. टाकळा नसता तर ते सत्त्व टाकळ्याशिवायच ओढ्यात गेलं असतं.

बुग्याळ_भटक्या

मी गंगापूर रोडचा, शेतीशी संबंध फक्त अंगणातल्या कढीपत्त्यापुरता. पण हा प्रकार हिमालयात डोळ्यांनी पाहिलाय. उत्तराखंडच्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, मेंढपाळांचे तळ पडतात, तिथे मेंढ्या रात्री बसतात. आसपास सगळं बुटकं गवत आणि फुलं, आणि तळाच्या जागेवर मात्र मोठमोठ्या पानांचं रान. आमच्या वाटाड्यानं सांगितलं, इथे तळ होता हे झाडावरूनच कळतं. नंतर शोधलं तर ती रुमेक्स नेपालेन्सिस. आपला भाजीचा आंबट चुका त्याच रुमेक्स कुळातला.

युरोपात तिचीच बहीण रुमेक्स अल्पिनस. आल्प्समधल्या गवळ्यांच्या उन्हाळी झोपड्यांभोवती, जिथे गाई बांधतात तिथे. पानातल्या आंबट ऑक्झॅलेटमुळे गुरं तिला फारशी खात नाहीत, गवळी पूर्वी पानं उकडून डुकरांना घालायचे. पण सूनबाईंच्या टाकळ्यात आणि हिच्यात एक मोठा फरक आहे. टाकळा वर्षायू, दिवाळीला मरतो, सगळं बीत घालून जातो. रुमेक्स अल्पिनसचं जाडजूड खोड जमिनीत आडवं पसरलेलं असतं आणि वर्षानुवर्षं जगतं. बर्फ पडायच्या आधी पानातलं नत्र आणि साखर खाली त्या खोडात उतरते, वसंतात त्याच शिदोरीवर गवताआधी पानं वर येतात. तिला एकदा कापून काही होत नाही. पानं फुटली की काप, पुन्हा फुटली की पुन्हा काप, तेव्हा कुठे खालचा साठा रिता होतो.

आणखी एक वाचलेलं आठवतं. स्वित्झर्लंडमध्ये शिनिगे प्लाटे नावाच्या डोंगरी कुरणावर १९३० च्या दशकात चुना आणि खतं टाकून प्रयोग केले होते. ते थांबल्यावर सुमारे सत्तर वर्षांनी पाहिलं तरी चुना टाकलेल्या तुकड्यांची माती आणि वनस्पती शेजारच्यांपेक्षा वेगळी. थंड डोंगरावर सगळं सावकाश चालतं म्हणा, आपल्याकडे एवढं टिकणार नाही. तरी तीन-चार पिढ्यांची गोठण आहे म्हटल्यावर एका वर्षाच्या कापणीनं तिथलं खत संपेल असं समजू नका.

राबवाला_पेठ

सगळं वाचलं. दोन गोष्टी खटकल्या.

एक, बी. परीक्षानळी सरांनी दसऱ्यानंतरच्या बियांचं ओझरतं सांगितलं, पण खरं दुखणं तेच आहे. टाकळ्याचं टरफल दगडासारखं. यंदा सगळा कापलात तरी मागच्या वर्षांचं बी मातीत पडून आहे, ते थोडं थोडं उगवत राहणार. बुग्याळवाल्या भाऊंच्या रुमेक्सचंही तेच. अमेरिकेत बील नावाच्या प्राध्यापकानं १८७९ मध्ये मिशिगनला बाटल्यांत बी भरून पुरलं होतं, त्यातलं रुमेक्स क्रिस्पसचं बी ८० वर्षांनी उगवलं. आमच्या मुलाच्या पुस्तकात होतं ते. तेव्हा शेंग आलेला एकही टाकळा उकिरड्यात जाता कामा नये. चांगला तापलेला उकिरडासुद्धा असलं कडक बी मारेलच असं नाही, आणि ते शेणखत तुम्ही खाचरात नेणार. घोटीकर मामा, "कापा आणि उकिरड्यात टाका" हे फुलाआधीच खरं.

दोन, राब. आमच्याकडे भात-नागलीच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात, वाळका टाकळा सगळ्यात वर जातो. काय होतं? नत्र धुरावाटे गेलं. राखेत पालाश, कॅल्शियम, थोडं स्फुरद उरतं आणि रोपाला ते लागतंही, त्यामुळे मी राबाला नावं ठेवणार नाही. माती भुसभुशीत होते, वरच्या थरातलं तण मरतं. पण ज्या टाकळ्याची एवढी चर्चा नत्रासाठी चाललीय तो राबात घालणं म्हणजे दूध आटवून भांडं चाटणं. शिवाय कडक टरफलाच्या बियांना थोडी धग लागली की ती उलट उगवायला मोकळी होतात.

आणि टाकळा पूर्ण उपटून जागा उघडी ठेवू नका. तिथे गाजर गवत शिरेल. ते हटवण्यासाठी मुद्दाम टाकळ्याचं बी फेकायला सांगतात, हे लक्षात असू द्या. बुडापासून चार बोटं सोडून कापा, मुळं जमिनीत राहू द्यात, उतारावर माती धरतात.

मेटावरची_सून

राबवाले दादा, आमचा उतार मोठा आहे, मुळं ठेवायचं डोक्यात आलंच नव्हतं. पण चार बोटं ठेवली की तो पुन्हा फुटणार ना? आणि कापलेलं ताजं खाचरात टाकावं की कुजवून? आमची आवणी आषाढातच उरकली, भात गुडघ्याला आलाय.

राबवाला_पेठ

फुटणार की. फुटला की फुटव्याला फुलं यायच्या आत दुसरी कापणी. दोन कापण्यांत माल जास्त, बी शून्य. तुम्ही शनिवारीच येता म्हणजे सासऱ्यांना विळा धरायला लावावा लागेल, तो भाग तुम्ही बघा.

परीक्षानळी

उभ्या भातात ताजं टाकू नका, नुसतं वर तरंगून सडेल. चारसूत्री पद्धतीच्या भातात गिरिपुष्प या झाडाची पानं हिरवळीचं खत म्हणून आवणीआधी चिखलात दाबतात, टाकळ्याचंही तसंच करता येतं. पुढच्या वर्षी ज्येष्ठ-आषाढातला कोवळा टाकळा त्यासाठी ठेवा. कोवळ्या पानात नत्राच्या मानानं कर्ब (कार्बन) कमी, चिखलात लवकर कुजतं. जाड दांडके मात्र खाचरात नकोत. त्यांत लाकूड जास्त, ते कुजवताना जिवाणू जमिनीतलंच नत्र काही काळ अडकवून ठेवतात आणि भात पिवळा दिसायला लागतो.

यंदाचा माल शेणाबरोबर खड्ड्यात थर देऊन कुजवा. वर पालापाचोळा किंवा मातीचा थर आणि पावसापासून आडोसा हवाच, नाहीतर आधी म्हटलं ते पालाश खड्ड्यातून झिरपून जाईल. दांडके कोयत्यानं बोट-दोन बोटांचे करून.

एक सावधगिरी. गोठणीवर टाकळ्याबरोबर काटेमाठ असेलच. तो नायट्रेट साठवणारा आहे, आणि ते पानापेक्षा दांड्यात, तेही बुडाकडे जास्त असतं. ढगाळ हवा आठवडाभर राहिली की झाड नायट्रेट उचलतं पण प्रकाशाअभावी त्याची प्रथिनं करू शकत नाही, साठा वाढतो. भुकेल्या गुरांपुढे असा काटेमाठ भाराभर टाकला तर विषबाधा होऊ शकते. कापणीत तो आला तर थेट खड्ड्यात.

मातीचे दोन नमुने घ्या, एक गोठणीचा, एक मुरमाचा, एकमेकांत मिसळू नका. वरचा शेणाचा थर बाजूला सारून १५ सेंटिमीटरपर्यंतची माती चार-पाच जागांहून घेऊन एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पिशवीत. कृषी विज्ञान केंद्रात विचारून तपासून घ्या. स्फुरद आणि पालाशचे आकडे शेजारीशेजारी दिसले की सासऱ्यांपुढे ठेवायला कागद होईल.

घोटीकर_मामा

कागद दाखवून सासरे ऐकतील असं वाटणाऱ्यानं सासरे पाहिलेले नाहीत. सूनबाई, कोपऱ्यातल्या एका खाचरात टाकळ्याचं खत घाला, शेजारच्यात नेहमीचं. लोंबी धरली की त्यांना नुसतं बांधावरून फिरवून आणा.

मेटावरची_सून

मामा, हे बरं सांगितलंत. खड्डा खणायचं ठरलंय, गोठ्याच्या मागे, पन्हळीचं पाणी पडत नाही तिथे. मीटरचा चौकोन या शनिवारी आखते. ओव्हन नाही, पण दीर पापडाच्या व्यवसायासाठी आणलेला ड्रायर देईन म्हणालाय, फक्त वास येणार नाही अशी हमी मागतोय. परीक्षानळी सर, वाळल्यावर टाकळ्याचा वास जातो का हो?

परीक्षानळी

पुष्कळसा जातो. तरी पापडाआधी नको, पापड झाल्यावर लावा, आणि ट्रे धुऊन द्या.